ब्लेड की कोमो? बडोद्याहून आईला घेऊन जायचंय

दांडियाबझारकर
मे अखेरीस युरोपात आठवडाभर एकाच सरोवराकाठी राहायचं ठरतंय. सोबत पंचाहत्तरीची आई, बायको आणि दहा वर्षांची मुलगी. गाडी दोन नावांवर अडली आहे: स्लोव्हेनियातलं ब्लेड आणि इटलीतलं कोमो. बायकोला कोमो हवंय, माझं मत ब्लेडला. माझी कारणं सांगतो, पटत नसतील तर खोडून काढा.

ब्लेडचा पूर्ण घेर साधारण 6 किलोमीटर. काठाने जवळजवळ सपाट पायवाट आहे, बसायला बाकं आहेत. आई रोज संध्याकाळी कमाटीबागेत फेरी मारते. तिथेही ती तिच्या चालीने, थांबत थांबत फिरेल. कुणी तिला घाई करणार नाही आणि तिला ‘माझ्यामुळे तुम्ही अडकलात’ असं वाटणार नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट हीच. सरोवरात मोटरबोटींना बंदी आहे. बेटावर जायला ‘प्लेतना’ नावाची सपाट तळाची लाकडी नाव असते. नावाडी मागे उभा राहून दोन वल्ह्यांनी ती चालवतो. हे काम तिथल्या घराण्यांत पिढीजात चालत आलंय. बेटावरच्या चर्चच्या 99 पायऱ्या आई चढणार नाही, पण नावेत बसल्याचा आनंद तिला पुरेल. वर जाऊन घंटा वाजवायचं काम मुलीचं.

कोमो सुंदर आहे, वाद नाही. पण 146 चौरस किलोमीटरचं सरोवर! एका गावातून दुसऱ्या गावात जायचं म्हणजे बोटीचं वेळापत्रक आणि धक्क्यावरची रांग आलीच.

कारेलीबागवाली
दादा, तुम्ही दुसरा दिवस विसरताय. ब्लेडची फेरी झाली, बेट झालं, कड्यावरचा किल्ला झाला. मग पुढे? दहा वर्षांची मुलगी आठवडाभर त्याच पाण्याकडे बघत बसेल का?

आम्ही कोमोला वारेना गावात राहिलो होतो. मिलानच्या मुख्य स्टेशनवरून थेट गाडी, तासाभराचा प्रवास, मध्ये कुठे बदली नाही. सरोवराच्या मधोमध वारेना, बेलाज्जो आणि मेनाज्जो समोरासमोर आहेत. बोटीने पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. सासूबाई बोटीत बसल्या की खूश. दोन्ही बाजूंना डोंगर थेट पाण्यात उतरलेले, उतारावर पिवळी-गेरूच्या रंगाची घरं, आणि वर कुठेतरी अजून बर्फ. व्हिला कार्लोत्ताच्या बागेत मेमध्ये अझेलियाच्या झुडपांच्या भिंतीच्या भिंती फुललेल्या असतात. पाकळ्या पायवाटेवर इतक्या पडलेल्या होत्या की सासूबाई त्यांवर पाय द्यायला तयार होईनात, कडेकडेने चालल्या.

आणि तीच रेल्वे पुढे तिरानोला जाते. तिथून बर्निनाची लाल गाडी स्वित्झर्लंडमध्ये 2253 मीटरपर्यंत चढते. आईंना एक पायरीही न चढता हिमनद्या दिसतील. ब्लेडला याला तोड आहे का?

अलकापुरी काका
व्हिसाचं आधी बघा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. शुल्क मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45. आरोग्यविमा किमान 30,000 युरोचा लागतो. इटलीचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, स्लोव्हेनियाचं काम दिल्लीकडून. मे अखेरीस जायचंय तर आत्ताच तारीख घ्या, सरोवरावर नंतर भांडा.

मांडवीकर
दोन्ही सोडा, बोहिंयला राहा. ब्लेडपासून 26 किलोमीटरवर, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात. सरोवर ब्लेडपेक्षा मोठं आणि काठावर बांधकाम अगदी कमी. ब्लेडला दुपारी पर्यटकांच्या बस येऊन थांबतात, तेव्हा तुमची शांतता कुठे राहणार? बोहिंयहून व्होगेलचा रोपवे आहे, आई बसल्या जागी वर जाऊन ज्युलियन आल्प्स बघतील.

कारेलीबागवाली
मांडवीकर भाऊ, बोहिंय हा स्लोव्हेनियातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या भागांपैकी एक. सगळा आठवडा तिथे काढणं धोक्याचं आहे.

दांडियाबझारकर
ताई, बर्निनाचा मुद्दा वजनदार आहे, तो मी खोडू शकत नाही. पण बोहिंयची सहल ब्लेडला राहूनही एका दिवसात होते, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा प्रश्न सुटला. आणि तुमच्या वारेनात स्टेशनपासून धक्क्यापर्यंत उतार आहे, परतताना तोच चढ. बेलाज्जोच्या जुन्या गल्ल्या तर पायऱ्यांच्याच. सामान घेऊन, आईचा हात धरून ते रोज करायचं?

ब्लेडची एक खोट मीच सांगतो. मुख्य मार्गावरचं लेस्त्से स्टेशन सरोवरापासून सुमारे 4 किलोमीटर लांब आहे, तिथून बस घ्यावी लागते. तेवढं चालेल.

कारेलीबागवाली
चढ आहे, पण टॅक्सी मिळते. जेवणाचं काय? घरात शुद्ध शाकाहारी असाल तर ब्लेडचा प्रसिद्ध क्रेमश्निता केक आईंना चालणार नाही, त्यात अंडं असतं. कोमोला पोलेंता मिळतो, मक्याचं घट्ट पिठलं म्हणा, लोणी-लसूण घालून. मात्र वर चीज घालू नका म्हणून सांगा. परमेजान चीज वासराच्या रेनेटशिवाय, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या विरजणाशिवाय, बनतच नाही.

दांडियाबझारकर
चीजचं बरं झालं सांगितलंत, आई ते कधीच खाणार नाही. पण श्त्रुक्ली आहे की, पनीरसारख्या चीजच्या सारणाची उकडलेली वळकटी. त्यातही अंडं आणि रेनेट विचारूनच घेऊ. बाकी थेपले बॅगेत असतातच.

कारेलीबागवाली
आणि पाऊस? डोंगरात मे-जूनमध्ये दुपारी हमखास ढग भरून येतात. कोमोला रेशमाचं संग्रहालय आहे, व्हिला आहेत, मिलान तासावर आहे. ब्लेडला पावसात आईंना घेऊन कुठे जाणार?

दांडियाबझारकर
पोस्तोयनाच्या गुहेत. आत छोटी रेल्वे फिरते, 1872 पासून. वर कितीही पाऊस पडो. आम्ही ब्लेडच बुक करतोय.

कारेलीबागवाली
करा, पण त्या गुहेत रेल्वेतून उतरल्यावर दीडेक किलोमीटर चालावं लागतं, आणि आत बारा महिने 10 अंशांच्या आसपास थंडी. आईंचा जाड स्वेटर आणि न घसरणारे बूट वरच्या बॅगेत ठेवा, विमानाच्या सामानात देऊ नका.