नारळीकर सर: तुमच्याजवळ काय आहे?

२० मे २०२५ला खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर पुण्यात गेले, वयाच्या ८६व्या वर्षी. केंब्रिज, तिथले गुरू फ्रेड हॉइल, पद्मविभूषण हे सगळं वर्तमानपत्रांत आलं, यायलाच हवं होतं. तुम्हाला ते कुठे आणि कसे भेटले, एखाद्या व्याख्यानात, पत्रात की कथेत, ते इथे लिहा. सुरुवात मी करतो.

आठवीत असताना आमची सहल आयुकात, म्हणजे सरांनी पुण्यात उभारलेल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, आली होती. व्याख्यान संपल्यावर आम्ही वह्या घेऊन सहीसाठी धावलो. सर मुलांना सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असा त्यांचा रिवाज. मला पंधरा दिवस प्रश्नच सुचेना. रोज रात्री अंगणात आडवा पडून वर बघायचो. शेवटी लिहिलं: तारे लुकलुकतात, मग ग्रह का नाही? उत्तराचं कार्ड आमच्या पोस्टमनकाकांनी वाटेतच वाचलं होतं, त्यामुळे दारातच त्यांनी मला समजावलं. तारा इतका दूर की नुसता ठिपका, हवेच्या थरांतून येताना त्याचा प्रकाश हलतो. ग्रहाची तबकडी असते, तिच्यावरच्या सगळ्या ठिपक्यांचं हलणं एकमेकांत जिरून जातं. खाली सही होती. ते कार्ड आईने देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं.

*

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. आमच्या ग्रंथालयात एकही शोधनियतकालिक येत नसे. १९८८मध्ये आयुका उभी राहिली ती आमच्यासारख्यांसाठीच, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. सहयोगी म्हणून मी सुट्ट्यांत तिथे जाऊन राहायचो. ग्रंथालय, संगणक, बोलायला माणसं, सगळं खुलं. माझे दोन निबंध तिथेच पुरे झाले. संस्थेच्या आवारात न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे आहेत. संध्याकाळी तिथे बसून मी आकडेमोड तपासायचो.

*

विश्व एका महास्फोटातून सुरू झालं, असं मी मानणारा. सरांना तो सिद्धांत कधीच पटला नाही. हॉइल आणि जेफ्री बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसह त्यांनी १९९३मध्ये वेगळी मांडणी केली, आणि बहुतेकांनी ती स्वीकारली नाही. तरी आयुकात महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे कितीतरी जण त्यांच्याच कारकिर्दीत रुजले. आपल्याला न पटणाऱ्या विचाराला आपल्याच घरात जागा द्यायची, हे मी दुसऱ्या कुठल्या विभागप्रमुखात पाहिलं नाही.

*

मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली, आद्याक्षरं उलटी करून. नावाच्या वजनावर बक्षीस नको होतं. हे कळलं आणि मीही कथा लिहायला बसले.

*

माझं लग्न पत्रिकेवरून अडलं होतं. सरांनी घेतलेली चाचणी मी बाबांपुढे ठेवली: २७ ज्योतिषी, पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद ते ओळखायचं, बरोबर उत्तरं सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं तरी तेवढंच येतं. बाबा दोन दिवस गप्प होते, मग होकार दिला.

*

मी प्राथमिक शिक्षिका. वर्गात प्रश्नांची पेटी ठेवलीय, कल्पना सरांच्या पोस्टकार्डांवरूनच घेतलेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिली चिठ्ठी निघाली: शनीची कडी खाली का पडत नाहीत? उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले.