घरी रोल धुणारे: हात की मशीन?

गिरगावची मोरी
'रोटरी मशीनशिवाय घरी फिल्म धुणं म्हणजे पोरखेळ, दर रोल वेगळा येतो' असं काल इथे एका महाशयांनी ठणकावून लिहिलंय. (रोटरी मशीन म्हणजे फिल्मचा ड्रम पाण्याच्या टबात मोटरने सतत फिरवणारं यंत्र.) रात्रभर डोक्यात होतं, म्हणून सविस्तर.

ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्म धुण्याच्या वेळांचे तक्ते २० अंशांवर बेतलेले. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशी कधीच ओलांडून गेलेलं असतं. आणि मशीनमध्ये काय असतं? हीटर! रंगीत निगेटिव्हला ३८ अंश लागतात, तिथे त्याचं कौतुक. इथे तो करणार काय, चहा? मी आयडी-११ हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) पाण्यात एकास एक करतो, एचपी५ फिल्मला १३ मिनिटं. बालदीत बर्फ, दर मिनिटाला चार वेळा टँक उलटा. वर्षानुवर्षं निगेटिव्ह एकसारख्या येताहेत.

मुलुंड रोटरी
ते महाशय मीच. तुमच्या बालदीत बर्फ चालतो, माझ्या टबात टाकला तर पाप लागतं का? दर मिनिटाला चार वेळा म्हणता, पण ऑफिसातून वैतागून आल्यावर तुमचा हात तितकाच हळू चालतो? मोटरला मूड नसतो. शिवाय ३५ मिमीच्या एका रोलला तुमच्या टँकमध्ये २९० मिली लागतं, माझ्या ड्रममध्ये १४०.

गिरगावची मोरी
१४० मिली एकास एक म्हणजे मूळ द्रावण फक्त ७०. ३६ फोटोंच्या रोलला ते पुरतं? डी-७६ हा कोडॅकचा डेव्हलपर एकास एक करून रोल २३७ मिलीत धुतलात, तरी कोडॅक वेळ दहा टक्के वाढवायला सांगते. सतत फिरवल्यावर कॉन्ट्रास्ट चढतो तो वेगळाच.

मुलुंड रोटरी
म्हणून तर वेळ १५ टक्क्यांपर्यंत कमी करतात. किंवा आधी पाच मिनिटं नुसत्या पाण्यात फिरवून हाताचीच वेळ ठेवतात. आणि मी मूळ द्रावणच वापरतो, बुवा. आधी विचारायचं, मग चिडायचं.

माटुंगा डार्करूम
पावसाळ्यात चेंजिंग बॅगेत (अंधारात फिल्म भरायच्या पिशवीत) हात घामेजतात आणि फिल्म प्लास्टिकच्या रिळात अर्ध्यावर अडते. तेव्हा दोघेही सारखेच रडता. ते असो. वापरलेला फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, कुठे ओतता दोघे?

गिरगावची मोरी
मोरीत. अजून कुठे?

माटुंगा डार्करूम
वाटलंच! त्यात फिल्ममधून सुटलेली चांदी असते. ती गटारातून पुढे खाडीत, समुद्रात. मासे तुम्हीही खाता ना?

गिरगावची मोरी
ताई, मुंबईच्या नाल्यांत काय काय वाहतं ते बघा आधी. माझा महिन्याचा अर्धा लिटर दिसला तुम्हाला!

माटुंगा डार्करूम
हेच ते. प्रत्येकाचा 'अर्धा लिटर'. स्टील वूल बुडवून ठेवा, लोखंड विरघळतं आणि चांदी खाली गाळ होऊन बसते. आमच्या वडिलांच्या स्टुडिओत जुना हायपो, म्हणजे फिक्सरच, कॅनमध्ये साठवायचे. चांदीवाला येऊन पैसे देऊन न्यायचा. तेव्हा पर्यावरण हा शब्दही घरात नव्हता, पण एक थेंब वाया जात नसे.

मुलुंड रोटरी
मी भांडी घासायची तार टाकून पाहिली होती. ढिम्म.

माटुंगा डार्करूम
ती स्टेनलेस! साधं लोखंडी हवं, साबण नसलेलं. मशीनवर एवढा खर्च केलात, हे वाचलं नाहीत?

मुलुंड रोटरी
वाचलं असतं तर तुम्हाला बोलायची संधी कुठून मिळाली असती? पण कोणता चांदीवाला आता लिटरभरासाठी मुलुंडला येईल? आमच्या कोपऱ्यावरचं एक्स-रेचं दुकानसुद्धा डिजिटल झालं.

माटुंगा डार्करूम
येणार नाही, मान्य. तरी साठवा. कॅनला जागा किती लागते? तुमच्या मशीनपेक्षा कमीच.

गिरगावची मोरी
बरं बाई. टबात बर्फ चालतो, हेही कबूल. महाशयांना हार घाला. फिक्सर कॅनमध्ये ठेवतो. भरला की बघू.

माटुंगा डार्करूम
'बघू' म्हणजे मोरीतच.