मदत हवी आहे: स्नोबोलचा बर्फ आणि बर्फ खाणारा मुलगा

नमस्कार मंडळी,

आम्ही फिनिक्सला राहतो. जानेवारीत नाशिकहून सासू-सासरे येताहेत. त्यांना बर्फ बघायचाच आहे, म्हणून मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या सुट्टीला फ्लॅगस्टाफच्या ॲरिझोना स्नोबोल या स्कीइंगच्या ठिकाणी जायचं घाटतंय. सोबत चिरंजीव, वय सहा. बर्फ दिसला की आधी तोंडात, मग हातात. हातमोज्याला चिकटलेलाही चाटूनपुसून साफ करतो.

अडचण अशी की तिथला कृत्रिम बर्फ फ्लॅगस्टाफ शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यापासून बनतो. थोडंफार मिसळतात असंही नाही, बर्फाच्या यंत्रांना जाणारं सगळं पाणी तेच. शहरातून डोंगरावर जवळपास १५ मैलांची पाइपलाइन नेली आहे आणि डिसेंबर २०१२ पासून हे चालू आहे. (सुरुवातीला बर्फ चक्क पिवळा पडला होता! नव्या पाइपांतला गंज, असं तेव्हा सांगितलं गेलं. असेलही, पण गंजाने वेळ बरोबर साधली.)

पाणी 'ए प्लस' दर्जाचं आहे, म्हणजे ॲरिझोनाच्या नियमांत अशा पाण्याचा सगळ्यात वरचा वर्ग. जिवाणूंकडून प्रक्रिया, नायट्रोजन काढणं, गाळणं, निर्जंतुकीकरण, सगळं होतं. रोजच्या नमुन्यांपैकी शेवटच्या सातातल्या निदान चारांत विष्ठेतले जिवाणू अजिबात सापडता कामा नयेत, असा निकष आहे. पण पोटात गेलेल्या गोळ्यांचे अंश, हार्मोन्स वगैरेंना या दर्जात मर्यादाच घातलेली नाही. आणि हे पाणी पिण्यासाठी नाही, हे तर नियमच सांगतो.

गंमत म्हणजे माझी शंका कोर्टात जाऊन आली आहे. लहान मुलं हा बर्फ खातील याचा फॉरेस्ट सर्व्हिसने (सरकारी वनखात्याने) नीट विचारच केला नाही, असा दावा झाला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये नाइन्थ सर्किट या अपील कोर्टाने तो फेटाळला, वर दावा करणाऱ्यांनाच झापलं. म्हणजे कागदोपत्री विषय संपला. माझा नाही संपला.

नवऱ्याचं म्हणणं, "पोहण्याच्या तलावात याने याहून वाईट पाणी प्यायलंय." सासूबाईंना अजून काही बोललेले नाही. त्यांचं सोवळं कडक आहे, कळलं तर गाडीतून उतरणार नाहीत.

तर, कोणी लहान मुलांना घेऊन गेलंय का? नैसर्गिक बर्फ कुठला आणि यंत्राचा कुठला हे ओळखता येतं का? नाहीतर जवळपास दुसरी जागा सुचवा. आगाऊ धन्यवाद.

गाळणी
सांडपाणी प्रक्रियेतच नोकरी करतो म्हणून लिहितो. ए प्लस पाण्याचा एखादा घास गेला म्हणून मुलगा आजारी पडेल असं मला वाटत नाही. पण खाऊ देऊ नका. गोठलं म्हणजे निर्जंतुक झालं हा समज चुकीचा, बरेच जंतू थंडीत मजेत टिकतात.

ओळखण्याचं म्हणाल तर, यंत्र पाण्याचे बारीक थेंब दाबाच्या हवेने उडवतं आणि ते खाली येईतो गोठतात. त्यामुळे तो बर्फ दाणेदार आणि जड असतो, पाकळ्यांचा नाही. पण त्यावर ताजा बर्फ पडला आणि रात्री रोलर फिरला की मलाही कळणार नाही. यंत्र चालू असेल तर त्याच्या फवाऱ्यात मुलाला उभं करू नका.

आपल्याकडे नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, उत्तम उपयोग आहे. पण तिथे ते कोणी चाटत नाही.

डोंगरवेडी
ताई, फक्त पोटाचाच विचार नका करू. स्नोबोल ज्या सॅन फ्रान्सिस्को पीक्सवर आहे, ते डोंगर नव्हाहो, होपी आणि आसपासच्या इतर जमातींना पवित्र आहेत. औषधी वनस्पती ते तिथून आणतात. सांडपाणी म्हटलं की त्यात इस्पितळातलं, शवागारातलं पाणीही आलं, ते देवाच्या अंगावर ओतायचं? कळसूबाईच्या माथ्यावर मोरीचं पाणी गाळून शिंपडलं तर आपल्याला चालेल का? तुमच्या सासूबाईंना हा मुद्दा माझ्यापेक्षा लवकर कळेल.

या बर्फाविरुद्ध जमातीही कोर्टात गेल्या होत्या. २००७ मध्ये नाइन्थ सर्किटच्या तीन न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. पुढच्या वर्षी मोठ्या पीठाने ८ विरुद्ध ३ मतांनी तो फिरवला. म्हणे श्रद्धाळूंच्या मनाला काय वाटतं तेवढाच फरक पडतो, त्यांच्यावर जबरदस्ती कुठली नाही. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मी डोंगर चढायला जाते, स्कीइंगला तिथे जात नाही.

उनाडटप्पू
दुसरी बाजूही आहे. २००१-०२ च्या हंगामात तिथे स्कीइंग जेमतेम चार दिवस झालं होतं, बर्फच नव्हता. त्या दुष्काळात पिण्याचं पाणी बर्फावर उधळायचं का? मला तरी सांडपाणीच बरं वाटतं. जागा चुकली एवढं मात्र मान्य.

ताई, स्कीइंग करायचं नसेल तर स्नोबोलला जाताच कशाला? हायवे १८० वर विंग माउंटनला घसरगाड्या घेऊन जा. तिथे आकाशातून पडेल तोच बर्फ. नसला तर जागा बंद, म्हणून निघण्याआधी खात्री करून घ्या.

फिनिक्सवासी (धागाकर्ती)
सर्वांचे आभार. गाळणी, नवऱ्याला तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. डोंगरवेडी, जमातींबद्दल एवढं माहीत नव्हतं, स्नोबोल रद्द. विंग माउंटनचंच बघतो. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, तर गाडी लावल्यापासून बर्फापर्यंत किती चालावं लागतं? आणि स्वच्छतागृह आहे का, की फ्लॅगस्टाफमध्येच उरकून निघायचं?