आईला दोष न देणारा चित्रपट : संयम की पळवाट?

गिरगावकर : हिरोकाझु कोरे-एदा यांचा 'नोबडी नोज' (२००४) नुकताच पाहिला. आई चार मुलांना टोकियोतल्या भाड्याच्या घरात सोडून निघून जाते आणि १२ वर्षांचा थोरला अकिरा, पैसे संपून वीज-पाणी तुटेपर्यंत आणि त्यानंतरही, भावंडांना सांभाळत राहतो. चित्रपट १९८८ मध्ये टोकियोतच उघडकीस आलेल्या घटनेवर बेतलेला आहे. तिथे धाकटीचा जीव थोरल्याच्या मित्रांच्या मारहाणीत गेला होता. इथे मात्र ती पडून मरते. सत्यातला सर्वांत बोचरा भाग काढून टाकायचा, आईकडेही मऊपणाने पाहायचे, हा संयम नव्हे, पळवाट आहे, असे माझे मत आहे.

माहीमची वाचक : मारहाण दाखवली असती तर आपण त्या मित्रांवर संतापून मोकळे झालो असतो. नूडल्सच्या रिकाम्या कपांत मुले रोपे लावतात, तो प्रसंग आठवून पाहा. ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही ती मुले कशाची तरी निगा राखत आहेत, हे आईला शिव्या घालण्यापेक्षा अधिक झोंबते. शिवाय चित्रीकरण सुमारे वर्षभर चालल्यामुळे अकिराचा आवाज आपल्या कानांदेखत फुटतो. ती भूमिका करणाऱ्या युया यागिराला १४व्या वर्षी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो काही दयेपोटी नव्हे.

गिरगावकर : अभिनयाबद्दल वाद नाहीच. पण आमच्या चाळीत चार मुले अशी महिनोन्‌महिने एकटी राहिली असती, तर गॅलरीतल्या निम्म्या बायका दाराशी आल्या असत्या. असे शेजार नसणे हाच गुन्हा आहे आणि चित्रपट त्याला नुसता स्पर्श करतो.

परळची शिक्षिका : चाळीचा हा अभिमान मला पटत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा शाळेतली निम्मी खिचडी रोज दप्तरातल्या डब्यात भरून न्यायचा आणि झाकण नीट लागत नसल्याने त्याच्या वह्यांना हळदीचे डाग पडलेले असायचे. मी दोन महिने वह्यांवरून त्याला रागावले; डबा कुणासाठी आहे, हे विचारले नाही. तोही चाळीतच राहत होता. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाची जाणूनबुजून हेळसांड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला तेव्हा माहीत असते तरी मी तक्रार केली असती, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. चित्रपटातही पोलिसांकडे जायला सुचवल्यावर अकिरा नकार देतो, कारण मग चौघांना एकत्र राहता येणार नाही.

गिरगावकर : अकिराचा नकार मी विसरलो होतो, आणि त्यामुळे शेजाराबद्दलचा माझा मुद्दा लंगडा पडतो, हे मान्य. धाकटीच्या मृत्यूत केलेला बदल मात्र मला अजूनही खटकतो. आणि ताई, डबा कुणासाठी होता, ते पुढे कळले का?

परळची शिक्षिका : बहिणीसाठी. ती साडेतीन वर्षांची होती आणि दिवसभर कडीच्या आत असायची.