मदत हवी आहे: 'बोम्मरिल्लू' दाखवू की 'संतोष सुब्रमण्यम'?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो आणि मग त्यावर गप्पा होतात. पुढच्या खेळाला आईवडिलांनी कॉलेजात जाणाऱ्या मुलांना सोबत आणायचं ठरलंय. सिनेमा माझ्या मनात पक्का आहे, पण तो दोन भाषांत आहे आणि कुठला दाखवावा ते ठरत नाहीये.

मूळ तेलुगू 'बोम्मरिल्लू' २००६ चा, दिग्दर्शक भास्कर, नायक सिद्धार्थ. त्यावरून एम. राजा यांनी २००८ मध्ये तमिळमध्ये 'संतोष सुब्रमण्यम' केला, नायक त्यांचा धाकटा भाऊ जयम रवी. नायिका हासिनी दोन्हीकडे जेनेलियाच, वडील दोन्हीकडे प्रकाश राज आणि संगीतही दोन्हीकडे देवी श्री प्रसाद यांचं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: मुलाचे कपडे, काम, लग्न, सगळं वडील ठरवतात. साखरपुडाही उरकतात. मग मुलाला हासिनी भेटते, मनात येईल ते बोलून टाकणारी. डोक्याला डोकं लागलं की शिंगं येऊ नयेत म्हणून ती पुन्हा डोकं आपटायला लावते (हे आपणही लहानपणी केलंय!). घरच्यांना ती आवडावी म्हणून मुलगा तिला आठवडाभर घरी राहायला आणतो.

मला हा सिनेमा दाखवायचाय तो वडिलांसाठी. ते खलनायक नाहीत. आपण देतो ते सगळं मुलांना हवंच असतं, असं त्यांना मनापासून वाटतं. शेवटी मुलगा इतक्या वर्षांचं साठलेलं त्यांच्यासमोर बोलतो आणि ते ऐकून घेतात. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी वडिलांनी हा प्रसंग मुलांच्या शेजारी बसून पाहावा असं मला फार वाटतं.

तमिळमध्ये हासिनीचे वडील सयाजी शिंदे आहेत. 'वेद'मुळे जेनेलियाही सगळ्यांना जवळची आहे (तोही मुळात तेलुगू 'मजिली'वरून केलेला). ओळखीचे चेहरे असले की ज्येष्ठ मंडळी लवकर रमतात. पण मूळ सिनेमा सोडल्याने काही हातचं जातं का? दोन्ही भाषा कळणाऱ्यांनी कृपया सांगा. शिवाय सबटायटल्स इंग्रजीत आहेत, ती आमच्या वयस्कर लोकांना त्या वेगाने वाचवत नाहीत. त्याचं काय करावं?

चेन्नईकर: ताई, तमिळच दाखवा. राजांनी आधीही 'जयम', 'एम. कुमरन', 'उनक्कुम एनक्कुम' हे तेलुगूवरूनच केले होते. मूळ प्रसंगांची मांडणी ते फारशी मोडत नाहीत, त्यामुळे तुम्हाला हवा तो बापलेकाचा प्रसंग जसाच्या तसा मिळेल. आणि सयाजी शिंदे आहेत म्हटल्यावर आमच्या साताऱ्याकडचे लोक तर पुढच्या खुर्च्या धरतील. 'अडडा अडडा' हे गाणं तमिळमध्येही सिद्धार्थनेच गायलंय, म्हणजे मूळ नायकाचा आवाज तिथेही आहेच.

हैदराबादेत_वीस_वर्षं: मी तेलुगूच्या बाजूने. सुरुवात आठवा: समुद्रकिनारी वडील बाळाला चालायला शिकवतायत आणि निवेदकाचा आवाज विचारतो, मुलगा चोवीस वर्षांचा झाला तरी हात धरूनच ठेवायचा का? तुम्हाला जी चर्चा हवी आहे ती तिथेच सुरू होते. सिद्धार्थचा शेवटचा उद्रेकही मला जास्त खरा वाटतो. जयम रवी चांगला आहे, पण सिद्धार्थ बोलताना वडिलांना घाबरतोय हे दिसत राहतं.

सबटायटल्सबद्दल: सगळा सिनेमा मराठीत आणायच्या फंदात पडू नका. सुरुवातीला पाच मिनिटं उभं राहून कथा सांगा, शेवट मात्र राखून ठेवा. बापलेकाच्या त्या संवादाचा मराठी मसुदा आधीच छापून घ्या आणि तो प्रसंग यायच्या आधी सिनेमा थांबवून वाटा. जाहीर खेळ आहे, तेव्हा हक्कधारकांची परवानगी आधी घ्या.

धागाकर्ती: दोघांचे खूप आभार. मसुद्याची कल्पना एकदम पटली. आमच्या प्रेक्षकांचं वय पाहता तमिळकडे कल आहे, पण किनाऱ्याचा प्रसंग तेलुगूतला आधी दाखवून मग तमिळ सिनेमा लावला तर विचित्र वाटेल का? आणि त्या शेवटच्या संवादाचं मराठी करायला तमिळ जाणणारं कुणी तयार असेल तर इथेच कळवा, मी मराठी बाजू सांभाळते.