मदत हवी आहे: इंद्रायणीची मान मोडते, 'रोगप्रतिकारक' बियाणं घेऊ का?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आमची पावसावरची भातशेती. इंद्रायणी लावतो, कारण घरात तोच भात लागतो आणि बेळगावात गिऱ्हाईकही त्यालाच आहे. गेल्या हंगामात लोंब्या बाहेर पडल्या आणि मानेजवळ काळ्या पडून मोडायला लागल्या. लांबून पीक पिकल्यासारखं दिसायचं, हातात घेतलं तर निम्मं पळंज, म्हणजे पोकळ दाणे. त्याआधी पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी ठिपके होते.

आता मेहुणे म्हणतात 'सुधारित सांबा महसुरी' लावा, त्यात रोगाला अडवणारे जीन आहेत. दुकानदार तर म्हणाला, रोग येतच नाही! माहितीपत्रक कन्नडमध्ये, ते मुलीनं वाचून दाखवलं. त्यात 'दुंडाणू अंगमारी' लिहिलंय. रैत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात) मात्र आमच्या रोगाला 'बेंकी रोग' म्हणाले होते. हे दोन्ही एकच का? आणि हे बियाणं जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं, आहे का? घरचं बी ठेवलं तर तो गुण टिकतो का? इंद्रायणीशी संकर करून बघावा असंही डोक्यात आहे, हसू नका.

प्रतिसाद

हसण्यासारखं काही नाही दादा, इंद्रायणी स्वतःच आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आली आहे.

पण रोग दोन वेगळे आहेत. तुमचा बेंकी रोग म्हणजे करपा, तो बुरशीचा. दुंडाणू अंगमारी म्हणजे कडा करपा, तो जिवाणूचा. त्यात पान टोकाकडून कडेनं पिवळं पडत वाळत येतं. शंका असेल तर पानाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा. कापलेल्या जागेतून दुधासारखी धार सुटली तर जिवाणू.

सुधारित सांबा महसुरी २००८ साली आली, हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं आणि तिथल्याच सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन केंद्रानं मिळून केलेली. तिच्यात एक्सए २१, एक्सए १३ आणि एक्सए ५ असे तीन जीन आहेत, तिन्ही फक्त कडा करप्यासाठी. मूळ सांबा महसुरी बुरशीच्या करप्याला चांगलीच बळी पडते आणि हे तीन जीन त्यात काहीच बदल करत नाहीत. म्हणजे तुमच्या रोगावर हे बियाणं नव्हेच. दुकानदाराला 'कुठला रोग?' एवढं विचारलं असतं तरी उलगडा झाला असता.

जीएम नाही. एक्सए २१ आफ्रिकेतल्या जंगली भातातून साध्या संकरानं आला आणि डीएनएच्या खुणा तपासून रोपं निवडली. भात स्वतःचंच परागीकरण करतो, त्यामुळं भेसळ होऊ दिली नाही तर घरच्या बियात गुण टिकतो.

करप्याचे जीन वेगळे, पीआय २, पीआय ५४ वगैरे. २०२१ मध्ये आलेल्या पुसा बासमती १८४७, १८८५, १८८६ मध्ये हे दोन्ही आहेत, पण त्या उत्तरेकडच्या बासमती, तुमच्या पावसात त्यांचं काम नाही. शिवाय एकट्या जीनवर विसंबू नये. तो ओळखीच्याच चोराला पकडणारा राखणदार. बुरशीनं ओळखीची खूण बदलली की तीच जात पुन्हा करपते. म्हणून पैदासकार दोन-तीन जीन एकत्र आणतात.

घरच्या संकराचं म्हणाल तर हात घालू नका. एक्सए ५ आणि एक्सए १३ सुप्त आहेत, आई-बाप दोघांकडून आले तरच काम करतात. पहिल्या पिढीत या दोघांचं काही दिसणार नाही आणि पुढं प्रयोगशाळेशिवाय निवड जमणं अवघड.

यंदा रोगट शेतातलं बी ठेवू नका, बीजप्रक्रिया करा, युरिया एकदम न टाकता हप्त्यानं द्या. फवारणी लागलीच तर पोटरीच्या सुमाराला, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या आधी, मान काळी पडल्यावर औषधाचा उपयोग नाही.

धागाकर्ता

आभारी आहे. पानं कापून बघितली, पाण्यात धार नाही, म्हणजे बुरशीच. मेहुण्यांना कळवलं, ते रुसलेत. आता खानापूर-चंदगड पट्ट्यात कुणी करप्याला टिकणारी, बासमती नसलेली जात लावली असेल तर नाव आणि भात शिजल्यावर कसा लागतो तेही लिहा. तरवा टाकायच्या आत ठरवायचंय.