आईबाबांना क्रूझवर न्यायचंय, पण सर्व्हिसबद्दल उलटसुलट ऐकतोय. अनुभव सांगा

गुहागर_किनारा
नमस्कार मंडळी. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलंय की त्यांना क्रूझ करवायची. दोन पर्याय डोक्यात आहेत, एक म्हणजे मुंबईहून सुटणारी दोन-तीन रात्रींची गोवा साइडची, नाहीतर मग सिंगापूरहून चार रात्रींची. मुंबईचं सोपं वाटतं कारण बाबांचा पासपोर्ट संपलाय आणि देशातल्या देशात असेल तर आधारवर काम भागतं म्हणे. पण मावशी गेल्या वर्षी परदेशातल्या एका बोटीवर जाऊन आली (कंपनीचं नाव नको, उगाच वाद) आणि तेव्हापासून ती जो भेटेल त्याला सांगते की केबिनमध्ये एसीचं पाणी गळत होतं, व्हेज म्हणून पास्ताच समोर यायचा, आणि शेवटच्या दिवशी बिलात टिपचे डॉलर बघून काकांचं बीपी वाढलं. घरी आल्यावर दोन ईमेल केले तर "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत" एवढंच उत्तर.

त्यात आईला एसटी घाटात शिरली तरी लागते, आणि क्रूझ म्हटलं की ती लगेच १९४७ ला बुडालेल्या रामदास बोटीवर येते, तिच्या आजोळचे कोणीतरी त्यात गेले होते. तर सर्व्हिस खरंच एवढी वाईट असते का, टिप द्यावीच लागते का, आणि काही बिघडलं तर बोंब कुठे मारायची?

डेक_सातवाला
मी रत्नागिरी साइडचाच, बरीच वर्षं शिपवर हाउसकीपिंगला आहे, आता साइन ऑफ होऊन (कॉन्ट्रॅक्ट संपवून) घरी आलोय म्हणून निवांत टाइप करतोय.

मावशींचं ऐकून वाईट वाटलं पण एक सांगू का, एसी पहिल्या रात्री गळत असेल तर पहिल्या रात्रीच सांगायला पाहिजे. आपली माणसं काय करतात, आपसात कुरकुर करतात, "जाऊ दे चार दिवस काढायचेत" म्हणतात आणि घरी आल्यावर चार पानी ईमेल लिहितात. बोटीवर गेस्ट सर्व्हिसेसचा डेस्क रात्रभर उघडा असतो, तिथे सांगितलं की कॉम्प्युटरवर नोंद पडते, त्या नोंदीला वेळ असते आणि मेंटेनन्सला ती बंद करावी लागते. तासाभरात कोणी आलं नाही तर परत जायचं, केबिन बदलून मागायची, रिकामी असेल तर देतात. केबिन अटेंडंटला तोंडी सांगून थांबू नका, त्याच्याकडे पंधरा-वीस केबिन्स असतात आणि पाइप दुरुस्त करणं त्याच्या हातात नसतं. बोट धक्क्याला लागून माणसं उतरली की ती केबिन दुपारपर्यंत दुसऱ्याला गेलेली असते, मग ऑफिसातला माणूस कशाच्या जोरावर काय देणार? आभारी आहोतच म्हणणार.

टिपचं असं आहे की बहुतेक परदेशी लाइन्सवर (क्रूझ कंपन्यांच्या बोटींवर) ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपच, माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यात चढते. म्हणजे दोघांचे चार रात्रींचे दीडशेच्या आसपास धरून चाला, आणि शक्यतो बुकिंगलाच भरून टाका म्हणजे शेवटच्या दिवशी तमाशा नाही. बारवर आणखी वेगळे १८-२० टक्के लागतात. डेस्कवर जाऊन कमी करून घेता येते बऱ्याच ठिकाणी, पण तो पैसा केबिनवाला, वेटर आणि खाली गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) जी पोरं तुम्हाला कधी दिसत पण नाहीत त्यांच्यात वाटला जातो. आम्हाला एमएलसी या जहाजावरच्या कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, तीही दोन तुकड्यांत चालते, त्यातला एक सहा तासांचा हवा. म्हणजे रात्री बाराला हसतमुख दिसणारा वेटर सकाळी सहाला परत ब्रेकफास्टला उभा असू शकतो.

आणि पैशापेक्षा एक गोष्ट जास्त कामाची, शेवटी जो सर्व्हे येतो त्यात चांगलं काम केलेल्याचं नाव लिहा. "स्टाफ चांगला होता" याचा कोणालाच उपयोग नाही. नाव आलं तर प्रमोशनच्या वेळी बघतात. दहापैकी आठ म्हणजे आपल्याकडे फर्स्ट क्लास, तिकडे आठ आले की सुपरवायझर बोलावून विचारतो काय झालं.

पनवेल_ते_पणजी
जेवणाबद्दल मी सांगते कारण आमचं पूर्ण ग्रुपचं जैन-व्हेज-नॉनव्हेज असं खिचडी प्रकरण होतं. मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर काही टेन्शन नाही, पब्लिकच आपलं असतं, जैन काउंटरपर्यंत सगळं मिळतं, उलट मासे खायला गेलात तर आमच्यासारखी निराशा होईल, समुद्राच्या मधोमध बसून पनीर खाल्लं आम्ही. परदेशी लाइनवर मात्र बुकिंगच्या वेळीच लिहून कळवायचं, आणि पहिल्या रात्री डायनिंग रूममध्ये हेड वेटरला गाठायचं. हे हेड वेटर आणि मेत्र डी (डायनिंग रूमचे प्रमुख) लोक बरेचदा भारतीय निघतात, त्यातला एखादा गोव्याचा नाहीतर मालवणचा. त्यांना आदल्या रात्री सांगितलं की उद्या डाळभात हवा, तर करून देतात. बुफेत उभं राहून पास्ताकडे बघत बसलं तर पास्ताच मिळणार.

अजून म्हणजे फोन एअरप्लेन मोडवर टाका, आईबाबांचा पण, नाहीतर तो बोटीवरचं सॅटेलाइटवालं नेटवर्क पकडतो आणि एका व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओचं बिल येतं भलतंच. औषधं हँडबॅगेत, कारण मोठ्या बॅगा चेक-इनला देतो त्या केबिनबाहेर संध्याकाळपर्यंत येतात. आणि बोटीवरच्या डॉक्टरची फी डॉलरमध्ये असते, इन्शुरन्स न काढता जाऊ नका या वयात.

देवगडकर_आजोबा
कोकण बोटीचा नाव काढलास नाय, तरी माका सगळा आठवला. भाऊच्या धक्क्यावरून बसायचा, मग हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत करत आमचा देवगड. लोअर डेकार वळकटी पसरली की ती आमची केबिन. धक्को नाय थय बोट भायर उभी रवायची आणि पडाव (होडये) येयत, लाटेबरोबर पडाव वर इलो की उडी मारायची, पोराक आधी फेकायचा मग ट्रंक. बोट लागली तर बाजूचो मनीस लिंबू देय, ता आमचा कस्टमर सर्व्हिस. तुमच्या आवशीक सांग बाय गो, तुझ्या बोटीक लिफ्ट आसा, भिया नको.

डेक_सातवाला
आजोबा, लिंबू अजून चालतं, आम्ही हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं देतो एवढाच फरक.

आईंसाठी केबिन बोटीच्या मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी. लोक हौसेने वरची, पुढच्या टोकाची बाल्कनी घेतात आणि मग रात्रभर पडून राहतात. मोठ्या बोटींना दोन्ही बाजूंना पाण्याखाली स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे डोलणं बरंच कमी होतं, घाटातल्या एसटीइतका त्रास शक्यतो नाही. गोळी घ्यायची तर हलायला लागायच्या आधी, आणि बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरला विचारून. महिना डिसेंबर ते फेब्रुवारीतला बघा, पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला क्रूझ सहसा नसते.

रामदासचं म्हणाल तर ती भीती खोटी नाही. १७ जुलै १९४७, ऐन पावसाळ्यात रेवसला निघालेली, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या घरी पण तिचं नाव घेतलं की आजी हात जोडायची. त्यामुळे आईंना मस्टर ड्रिलला मुद्दाम पुढे उभं करा. बोट सुटायच्या आधी प्रत्येकाला त्याची जमायची जागा दाखवतात, जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात, सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकवतात. पूर्वी निघाल्यावर चोवीस तासांत केली तरी चालायची, २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली, ३२ माणसं गेली, बोटीवरच्या बऱ्याच जणांचं ड्रिलच झालेलं नव्हतं, त्यानंतर नियम बदलला. लोक ड्रिल चुकवून पूलवर पळतात, राग येतो खरं तर.

चिपळूण_कोर्टनाका
बोंब कुठे मारायची याचं उत्तर राहिलं. बोटीवर नोंद केलेल्या तक्रारीचा फोटो, नंबर, बिल जपून ठेवा. भारतात बुकिंग केलं असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी मुंबईची असली तरी रत्नागिरीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, वकील लागतोच असं नाही. मात्र तिकिटाच्या अटी वाचा, हवामानामुळे बंदर गाळायचा अधिकार कॅप्टनला असतो. "लक्षद्वीप दाखवलंच नाही" म्हणून नुसतं भांडून उपयोग नाही, त्या बंदराची फी परत मागा. एसी गळत होता आणि सांगूनही केला नाही, ही मात्र सेवेतली त्रुटी.

गुहागर_किनारा
सगळ्यांचे आभार. मुंबईचीच ठरवतोय, मधल्या भागातली केबिन मिळते का बघतो. आजोबांचा मेसेज आईला वाचून दाखवला, हसली पण अजून हो म्हणालेली नाही. बाबांचा वेगळाच प्रश्न आहे, घरचे लाडू आणि कुळथाचं पीठ नेता येईल का?

डेक_सातवाला
घरी केलेलं खाणं गँगवेच्या (बोटीत चढायच्या वाटेवरच्या) स्कॅनरवरच काढून घेतात, बहुतेक लाइन्सचा तोच नियम. दुकानातलं पाकीटबंद असेल तर चालून जातं. पण कुळीथ पीठ नेऊन शिजवणार कुठे? केबिनमध्ये शेगडी-किटली लावू देत नाहीत.